फीचं नंतर बघा, आधी सासऱ्यांच्या सहीचं बघा

ताई, सासऱ्यांना डिमेन्शिया, केअर सेंटर महिना 35 हजार मागतंय आणि ते त्यांच्याच ठेवींतून भागवायचेत, हे तुमचं वाचलं आणि 2019 सालचे आम्हीच डोळ्यांपुढे आलो.

ठेवावं की नाही यावर नातेवाईक बोलतीलच, बोलू द्या. घरी दिवसाची एक, रात्रीची एक अशा दोन मावशी ठेवल्या तरी खर्च तिथेच जातो, वर ब्यूरोचं कमिशन. मावशी गावी गेल्या की रजा बायकोनेच काढायची. तिची नोकरी टिकली ती सेंटरमुळे, हे मी कुणालाही सांगतो.

आमची घोडचूक वेगळीच. बाबांची सही चालत होती तोवर एफडीला दुसरं नाव लावलं नाही. का, तर त्यांना वाईट वाटेल! मग सही जुळेना. बँकेत म्हणाले, ‘पेशंटला घेऊन या.’ भर पावसात रिक्षातून नेलं, पायऱ्यांवरून खुर्चीसकट उचललं. साहेबांनी फॉर्मवरचं नाव मोठ्याने वाचलं तर बाबा म्हणाले, ‘हजर.’ जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. साहेबांनी फॉर्म परत सरकवला, ‘यांना कळत नाहीये, कोर्टातून आणा.’ चिडलो, पण मुद्दा खोटा नव्हता. तो फोनवर सांगता आला असता, एवढंच. पुढचे आठ महिने फी माझ्या पगारातून आणि सोसायटीच्या कर्जातून गेली.

मी वकील नाही, खात्री करून घ्या. पण माणसाला कळतंय आणि नुसता हात चालत नाही, तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचाच अधिकारी लागतो. कळेनासं झालं की आधी केलेलं मुखत्यारपत्रही उपयोगाचं राहत नाही. मग त्यांच्या वतीने व्यवहार बघणारा पालक (गार्डियन) नेमून घ्यायला हायकोर्ट. म्हणून सासरे अजून ओळखताहेत तर याच आठवड्यात बँकेत जा. एफडीला दुसरं नाव लावताना नुसतं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो) लिहून थांबू नका. मुदतीआधी एफडी मोडायला दोघांच्याही सह्या मागतात, त्याची वेगळी संमती तेव्हाच लिहून द्या.

मेडिक्लेमवर विसंबू नका, नुसता सांभाळ त्यात बसत नाही. सत्तरीपुढचं 5 लाखांचं आयुष्मान कार्ड काढून ठेवा, पण तेही हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच. ज्येष्ठांच्या बचत योजनेत पूर्ण 30 लाख ठेवले तरी 8.2 टक्क्यांनी महिन्याला साडेवीस हजार पडतात. म्हणजे तुमच्या फीत साडेचौदा हजारांचा खड्डा दर महिन्याला, आणि फी दरवर्षी वाढते. डायपर, औषधं, फिजिओ फीत धरलेत का हे लेखी घ्या. आमच्याकडे डायपरचेच चार हजार वर जात.

आणि कपड्यांवर नाव शिवून द्या. बाबांचा स्वेटर तिसऱ्याच दिवशी समोरच्या कॉटवरच्या आजोबांच्या अंगात होता.