घरी केलेली थाई ग्रीन करी हॉटेलसारखी हिरवीगार का होत नाही?

असं तुम्ही पत्रात विचारलंय. खायचा रंग घालू नका, हे आधी सांगते.

या करीचं थाई नाव ‘कॅंग ख्याव वान’. ख्याव म्हणजे हिरवा, वान म्हणजे गोड. पण इथलं ‘गोड’ चवीचं नाही, हिरव्याच्या छटेचं आहे: सौम्य, फिका हिरवा. त्यामुळे तुमची करी फिकी दिसते यात काही बिघडलेलं नाही. पुढे तुम्ही लिहिलंय, ‘वर तेल तरंगतं, बहुतेक नारळाचं दूध फुटत असावं, काय चुकतंय?’ ते वाचलं आणि मी लिहायलाच बसले.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे बारा माणसं जेवायला होती. वाटण मी मिक्सरला न लावता खलबत्त्यात केलं. आधी मीठ आणि गवती चहाच्या दांड्याचा खालचा पांढरा भाग, मग कुलंजन (आल्यासारखं दिसणारं गलंगल), मकरूट लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं, मग मिरच्या, लसूण, छोटे कांदे, भाजलेले धणे-जिरे, पांढरी मिरी, शेवटी कपी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट. कडक ते मऊ हाच क्रम. पाऊण तास कुटत होते, मनगट भरून आलं होतं.

नारळाचं पहिलं घट्ट दूध कढईत एकटंच आटवत ठेवलं. आधी नुसती रटरट असते. मग पाणी उडत जातं, आवाज बदलतो, चुरचुर सुरू होते आणि कडेने नितळ तेलाचे थेंब दिसायला लागतात. थाईत याला ‘तॅक मन’ म्हणतात, तेल फुटून वेगळं होणं. वाटण परतायचं ते याच तेलात. तेवढ्यात थोरल्या नणंदबाई आत आल्या, कढईत डोकावल्या, ‘अगं, हे फुटलंय!’ म्हणाल्या आणि मी वळेपर्यंत वाटीभर पाण्यात कॉर्नफ्लोअर कालवून ओतून मोकळ्या झाल्या. पानं वाढताना सगळ्यांना सांगितलं, ‘फुटलं होतं, मी सावरलं.’ मी तेव्हा गप्प बसले. आजही घरात कोणी करीचं नाव काढलं की ते सावरणं निघतंच.

याच नणंदबाई एरवी मसाल्याला तेल सुटल्याशिवाय त्यात थेंबभर पाणी घालत नाहीत. मग नारळालाच वेगळा न्याय का? वाटणाचा वास तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. तेल न सुटलेल्या दुधात ढकललेलं वाटण शेवटपर्यंत कच्चट लागतं, आणि कॉर्नफ्लोअरने त्यावर नुसता चिकट पडदा येतो. वर हिरवट तेलाचे ठिपके दिसले तर करी जमली म्हणायची. कोणी नाक मुरडलं तर तिथल्या तिथे सांगा, माझ्यासारखं नऊ वर्षं मनात ठेवू नका. ज्याच्या हातात डाव, त्याचीच कढई.

डब्यातल्या दुधाचं मात्र वेगळं असतं. त्यात ते एकजीव राहावं म्हणून बरेचदा स्थिरक घालतात, मग कितीही आटवा, तेल सुटत नाही. डब्यावरची यादी वाचा, नाहीतर सरळ दोन चमचे तेलात वाटण परता.

रंगाचं म्हणाल तर तो उष्णतेने आणि आंबटाने मरतो. मिरचीची कोवळी पानं किंवा कोथिंबीर वाटून अगदी शेवटी घाला, थाई तुळस गॅस बंद करताना, आणि नंतर उकळू नका. मिक्सर वापरायचा तर वापरा, पण पाण्याऐवजी नारळाचं घट्ट दूध घालून फिरवा. कुलंजनाच्या जागी आलं घातलं तर ती वेगळीच करी होते, चांगली लागली तरीही. आणि जेवायला शाकाहारी माणसं असतील तर कपी आणि माशाचा सॉस दोन्ही वगळा. तयार पेस्टच्या डबीतही कोळंबी असू शकते, तेवढं बघून घ्या.