फीचे युरो पूर्ण पोचले पाहिजेत

प्रश्न : मुलाला आयर्लंडमध्ये एमएससीला प्रवेश मिळालाय. फी 14,000 युरो. निम्मी शैक्षणिक कर्जातून, निम्मी आमच्या ठेवीतून भरायची आहे. बँक एक भाव सांगते, एक ॲप ‘शुल्क शून्य’ म्हणतं, शेजारचे काका ड्राफ्ट काढा म्हणतात. काय करावं?
— एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, ड्राफ्ट नको. तो टपालाने जाणार, मग तिथे वटणार. फीची तारीख तेवढी थांबत नाही. थेट खात्यात पाठवा, ज्याला आम्ही टेबलावर टीटी (टेलिग्राफिक ट्रान्सफर) म्हणायचो. अलकापुरीतल्या शाखेत परकीय चलनाच्या टेबलावर मी 19 वर्षं बसले. लोक शुल्क विचारायचे, भाव विचारायचेच नाहीत.

आपल्या बडोद्यात संस्थानाचा बाबाशाही रुपया चालायचा तेव्हा इंग्रजी रुपया घेताना बट्टा द्यावा लागे. आजचा बट्टा भावात असतो. युरोमागे 75 पैसे जास्त लावले, तर 14,000 युरोंवर 10,500 रुपये गेले, आणि पावतीवर शुल्क शून्यच. म्हणून बँकेला आणि ॲपला एकाच दिवशी, एकाच वेळी एकच प्रश्न विचारा : ‘विद्यापीठाला पूर्ण 14,000 युरो पोचायला माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?’ आकडा लेखी घ्या. चलन बदलावरचा जीएसटी सगळीकडे एकाच नियमाने लागतो, त्यात घासाघीस नाही.

‘पूर्ण’ हा शब्द सोडू नका. पैसे आपल्या बँकेतून सरळ तिकडे जातीलच असं नाही. मध्ये दुसरी बँक असते आणि ती आपलं शुल्क त्याच रकमेतून कापू शकते. माझ्या भाच्याची फी 22 युरो कमी पोचली. विद्यापीठाने ती अपुरी धरली, नोंदणी नऊ दिवस अडकली. पोराने ते दिवस कसे काढले, मी पाहिलंय. अर्जात शुल्क कोणाकडे, असा रकाना असतो; ‘शा’ म्हणजे वाटून, ‘अवर’ म्हणजे सगळं पाठवणाऱ्याकडे. तुम्ही ‘अवर’च लिहा.

आता टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आपल्याकडून आधीच घेते तो कर. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर 10 लाख रुपयांपर्यंत तो कापत नाहीत, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या फीवर तर मुळीच नाही. मात्र कर्जाचा भाग कर्ज खात्यातूनच थेट पाठवा. आधी बचत खात्यात घेतलात, तर तो कर्जाचाच पैसा हे दाखवत बसावं लागेल. ठेवीचे 7,000 युरो मर्यादेत बसतील, पण वसतिगृहाचे पैसेही त्याच वर्षात मोजले जातात. ते मुलाच्या बाबांच्या खात्यातून, त्यांच्या पॅनवर पाठवा. चुकून टीसीएस कापलाच तर घाबरू नका, आयकर खात्याच्या तुमच्या पॅनवरच्या उताऱ्यात दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. परदेशी पैसे पाठवायची वर्षाला माणशी 2,50,000 डॉलरची जी मर्यादा आहे, ती तुमच्यापासून फार लांब आहे.

बँकेत जाताना प्रवेशपत्र, फीची मागणी आणि पॅन न्या. परदेशी पैसे पाठवायच्या ए-2 अर्जात उद्देश शिक्षण, कोड एस0305. आयर्लंडचा आयबॅन, म्हणजे तिकडचा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ‘आयई’ने सुरू होतो आणि 22 अक्षरांचा असतो, मोजून पाहा. खातं बदललंय अशी ईमेल आली, तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा नंबर फिरवून खात्री केल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. मुलाचा विद्यार्थी क्रमांक शेऱ्यात हवाच. पैसे गेले की स्विफ्ट कॉपी, म्हणजे पैसे पाठवल्याच्या बँकेच्या संदेशाची प्रत, मागून घ्या आणि त्याच संध्याकाळी मुलाला पाठवा.