चित्राच्या मागची बाजू

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतचा प्रवासाचा आराखडा, दोन्ही वाचलं. बारा दिवस, तीन देश, पाच हिमनद्या आणि परतल्यावर चित्रांचं प्रदर्शन. उत्साह पाहून बरं वाटलं, वेळापत्रक पाहून धाप लागली. ‘हिमनद्या वितळतायत हे दाखवून लोकांना हादरवून टाकायचंय’ असं तू लिहिलंयस. ते नंतर बघू. आधी माझी फजिती ऐक.

हिमनद्यांवरचं माझं पहिलं प्रदर्शन सगळं निळं होतं. दाबून घट्ट झालेला जुना बर्फ प्रकाशातला तांबडा भाग गिळतो, म्हणून भेगेत डोकावलं की आत निळाई दिसते. त्या निळाईने मी पार वेडा झालो होतो. उद्घाटनाला गर्दी झाली, वाहवा झाली. एक बाई एका चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, पोचलं. त्या वळल्या आणि म्हणाल्या, “काय सुंदर आहे हो! इथे जायला कोणता महिना चांगला?” संध्याकाळपर्यंत तोच प्रश्न आणखी चौघांनी विचारला. सांगायला गेलो एक आणि झाली सहलीची जाहिरात. चूक त्यांची नव्हती. माझ्या चित्रांत बर्फ होता, गेलेला बर्फ कुठेच नव्हता.

गेलेला बर्फ कसा काढायचा, हे मला जुन्या चित्रकारांनी शिकवलं. स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डच्या खालच्या हिमनदीची चित्रं कास्पार वोल्फने १७७० च्या दशकात काढली, सॅम्युएल बिरमानने १८२० च्या दशकात. दोघांच्याही डोक्यात जनजागृती नव्हती. समोर दिसलं ते त्यांनी मन लावून काढलं. बर्फाची कड कुठल्या उतारापाशी संपते, मागे कुठला सुळका, बाजूला काय. पुढे विसाव्या शतकात संशोधकांनी अशीच जुनी चित्रं हाताशी घेऊन, चित्रकार कुठे उभा होता ते शोधून, ती हिमनदी कोणत्या साली कुठवर आली होती याचा हिशेब मांडला. चित्र साक्षीला उभं राहिलं, कारण काढणाऱ्याने सोयीसाठी सुळका इकडचा तिकडे केला नव्हता.

म्हणून माझी पहिली अट. प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, वेळ, उभं राहण्याची जागा, तोंड कोणत्या दिशेला आणि चौकटीतला न हलणारा एक खडक, एवढं लिहायचंच. हे कारकुनी वाटेल. वाटू दे. गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांनी १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या रोंगबुक हिमनदीचा फोटो काढला, तो पाहणीच्या मोहिमेत. गिर्यारोहक आणि छायाचित्रकार डेव्हिड ब्रीशर्स २००७ मध्ये शोधत शोधत त्याच जागी पोचले आणि तेच दृश्य पुन्हा टिपलं. बर्फाची पातळी जवळपास १०० मीटर खाली गेलेली. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की कुणी महिना विचारत नाही.

आता तुझ्या पाच हिमनद्यांचं काय करायचं ते तुझं तुला कळलं असेल. चार खोड. उरलेल्या एकीसमोर बारा दिवस बस, आणि चार-पाच वर्षांनी त्याच दगडावर परत जाऊन बस. अलीकडे ‘संपायच्या आत बघून घेऊ’ म्हणून हिमनद्यांकडे लोकांची रीघ लागते. अंत्यदर्शनाच्या रांगेसारखी. पण त्या रांगेतले आपणच रोग्याच्या खोलीत धूर करत असतो, ही गोष्ट मला बराच काळ सुचली नव्हती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गणित आहे: आज हवेत सोडलेला एक किलो कार्बन डायऑक्साइड पुढच्या काळात हिमनद्यांचा सुमारे १५ किलो बर्फ वितळवतो. लांबच्या एका विमानप्रवासात, जाऊन येऊन, माणशी एक टन सहज ओलांडला जातो. म्हणजे चित्राला हात लावण्याआधीच तुझ्या नावावर १५ टन बर्फ. जाऊच नकोस असं मी म्हणत नाही, मी स्वतः गेलोय. रेल्वेने पोचता येईल अशी निवड, जास्त दिवस राहा, आणि हा आकडा प्रदर्शनात स्वतःच्या नावाखाली लाव. तो लावायची लाज वाटली, तर आराखडा पुन्हा बघ.

ओलाफुर एलियासन या कलाकाराने २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेच्या वेळी ग्रीनलंडच्या खाडीत तुटून तरंगणारे बर्फाचे बारा मोठे तुकडे शहरात आणून चौकात मांडले. लोकांनी त्यांना हात लावले, मिठ्या मारल्या, कान टेकवले. जुन्या बर्फात कोंडलेली हवा सुटताना बारीक तडतड होते, ती ऐकली. त्या कामाचा कार्बन हिशेबही जाहीर झाला, सुमारे ३० टन. वरच्या गणिताने ४५० टन बर्फ. ते योग्य होतं का? माझं मत अजून डळमळतं. हिशेब उघड केला, याला मात्र मी मानतो. मला स्वतःला जास्त भावलं ते केटी पॅटरसन या कलाकार बाईंचं २००७ मधलं काम. आइसलँडच्या वात्नायोकुल हिमनदीच्या पायथ्याच्या सरोवरात पाण्याखाली मायक्रोफोन सोडला आणि तो एका फोन नंबरला जोडला. घरबसल्या नंबर फिरवायचा आणि वितळण्याचा आवाज ऐकायचा. ना विमान, ना हॉटेल. तुझ्या प्रदर्शनाला येणाऱ्यालाही उठून तिथे जावंसं न वाटता ती हिमनदी आपली वाटली पाहिजे. अवघड आहे, पण अवघड तेच शिकवायला मी आहे.

थोडं विषयाबद्दल, कारण तुझ्या पत्रात दोन घोटाळे आहेत. ध्रुवीय अस्वलाचा तरंगता बर्फ आणि हिमनदी एक नव्हेत. समुद्राच्या पाण्याचा गोठून झालेला बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही, जमिनीवरची हिमनदी वितळली की वाढते. दुसरं, हिमनदीच्या मुखातून, म्हणजे खालच्या टोकातून, धो-धो वाहणारं पाणी हा ती आटत असल्याचा पुरावा नाही. निरोगी हिमनदीही उन्हाळ्यात वितळते. बघायचा असतो ताळेबंद: हिवाळ्यात जमा किती, उन्हाळ्यात खर्च किती. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपला सुमारे १० टक्के बर्फ गमावला. हे धबधबा काढून कळणार नाही. त्यासाठी बर्फाच्या कितीतरी वर, कड्यावर राहिलेली फिकट, झाडोरा नसलेली पट्टी काढ. पूर्वी बर्फ तिथवर होता. मी पहिल्या वेळी ती पार्श्वभूमी समजून पुसट रंगवली होती!

हिमालयात गेलीस तर आणखी एक गंमत. तिथल्या कित्येक हिमनद्यांचा खालचा भाग दगडमातीखाली झाकलेला असतो. समोर नुसता राडारोडा दिसतो आणि माणूस विचारतो, हिमनदी कुठाय? ती पायाखालीच असते. दगडांचा जाड थर बर्फाला उन्हापासून वाचवतो, धुळीचा पातळ थर उलट ऊन शोषून त्याला लवकर वितळवतो. ते करडं, कुरूप दृश्य कुणी काढत नाही. तू काढ. निळ्या रंगाची ट्यूब घरी ठेवून जा, हवं तर माझ्याकडे ठेव.

तिथे पोचल्यावर पहिला दिवस काहीच काढू नकोस. स्थानिक वाटाड्या घे, पैसे घासाघीस न करता दे, आणि लहानपणी बर्फ कुठवर होता ते त्याला बोटाने दाखवायला सांग. ती जागा कागदावर आणलीस की अर्धं काम झालं. मुखाच्या कमानीजवळ जाऊ नकोस, बर्फ सांगून पडत नाही. इटलीत मार्मोलाडा या पर्वतावर ३ जुलै २०२२ रोजी हिमनदीचा कडा कोसळला आणि ११ माणसं गेली.

जलरंग गोठतात हे लक्षात ठेव. ब्रश टेकताच कागदावर नेच्याच्या पानासारखी नक्षी उठते, दिसते सुरेख, पण बर्फाची कड तिच्यात हरवते. मी पेन्सिलवर आलो, बिनबोटांचे मोजे आणि मऊ शिसं. जलरंग नेलेसच तर ब्रश धुतलेलं पाणी बर्फावर ओतू नकोस. झाकणाची बाटली ने आणि त्यातच परत आण. इतर कचऱ्याचंही तेच, शौचासकट. थंडीत काही कुजत नाही, टाकलेलं वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं.

प्रदर्शनाच्या खोलीचं, आमंत्रणाचं, छपाईचं तू विचारलंयस. त्याला वर्ष आहे. आधी नवा आराखडा पाठव, एका हिमनदीचा. आणि परतल्यावर चित्रं घेऊन येशील तेव्हा ती टेबलावर पालथी मांड. मी मागची बाजू आधी वाचणार आहे.

तुझा,
निळाईने फसलेला शिक्षक