बीपीची गोळी आणि सर्पगंधा

नमस्कार.

तुमच्या दोन पानी पत्रात मुलीचे दहावीपासूनचे टक्के आहेत, शेजारच्या मुलाची तलाठी म्हणून झालेली निवड आहे, पंचविशीच्या आत लग्न उरकायचा बेतही आहे. एम.एस्सी. बॉटनी झालेल्या मुलीला सर्पगंधा या औषधी वनस्पतीतल्या एका जीनवर पीएच.डी. करायचीय, हे मात्र एका ओळीत, तेही 'कसल्याशा मुळीच्या जीनवर' असं. आणि शेवटी: 'तिच्या हट्टापायी मला बीपीची गोळी सुरू झाली. तुम्हीच तिला बी.एड. कर म्हणून समजवा.'

नाही समजवणार.

काळजी तुमची खरी आहे. पण 'माझं बीपी वाढलं' हे मुलीला रोज ऐकवणं म्हणजे धाक घालणं. ती हो म्हणाली तर मन मारून, नाही म्हणाली तर बापाच्या तब्येतीचं खापर तिच्या डोक्यावर. मग ती बोलणार काय? बी.एड. वाईट नाही. शिकवायची आवड नसलेल्या माणसाच्या हाती वर्गभर पोरं सोपवणं वाईट. तसे शिक्षक आपण दोघांनीही पाहिलेत.

गंमत म्हणजे तुमच्या बीपीचं या 'कसल्याशा मुळी'शी जुनं नातं आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळांतून रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं केलं गेलं. औषध मुळांमध्ये असल्यामुळे झाड उपटावंच लागतं. जंगलातून ती दुर्मिळ झाली ती मुख्यतः यामुळे.

आता तुमच्या मनात असणारच त्या 'एका जीनवर पाच वर्षं?' या प्रश्नाबद्दल. सर्पगंधेतलं स्ट्रिक्टोसिडीन सिंथेज हे विकर (एन्झाइम) दोन साधे रेणू जोडून स्ट्रिक्टोसिडीन बनवतं. रेसर्पिन, सदाफुलीतली कर्करोगावरची औषधं, अशी हजारो द्रव्यं तिथून फुटतात. या विकराचा जीन सर्पगंधेतूनच १९८८ मध्ये हाती आला. म्हणजे काम संपलं? छे. तो नुसता दरवाजा. सदाफुलीच्या औषधाचे दोन घटक यीस्टकडून बनवून घ्यायला २०२२ उजाडलं, आणि त्यात तीसेक पायऱ्या होत्या. म्हणून 'जीन सापडला की औषध, पेटंट, पैसा' हे डोक्यातून काढा. मुलीलाही एक सांगतो: जीन शोधून जंगलातली सर्पगंधा वाचत नाही. ती वाचते रोपवाटिकेतून, लागवडीतून, मुळं खणणाऱ्याला दुसरी कमाई मिळाल्यावर. फार तर कुठल्या रोपात द्रव्य जास्त, ते का, आणि उपटल्याशिवाय ते मिळेल का, एवढं तिच्या कामातून कळेल. तेही थोडं नाही.

पीएच.डी.साठी द्यायच्या परीक्षांचं थोडक्यात: सीएसआयआर-नेट आणि गेट. जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये, म्हणजे 'घरी बसून खाणार' हा मुद्दा बाद.

खरा प्रश्न विषयाचा नाहीच, गाइडचा आहे. तो तुम्ही विचारलाच नाहीत. त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले, आता कुठे आहेत, हे तिनं त्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारावं. संशोधन संस्था म्हणाल तर पुण्यात एनसीएल आणि आघारकर, लखनौला औषधी वनस्पतींवर काम करणारी सीमॅप. अर्ज करण्याआधी यापैकी कुठे दोन महिने काम करायला मिळालं तर बघावं. मुळं द्रव नायट्रोजनमध्ये कुटायची, त्यातून आरएनए (जीनचा निरोप वाहणारा रेणू) काढायचं, आणि ते तपासायच्या जेलवर स्वच्छ पट्ट्यांऐवजी धूसर ओघळ दिसला की उद्या पुन्हा पहिल्यापासून. असे तीन आठवडे गेल्यावरही चौथ्या सोमवारी ती हौसेनं लॅबला निघाली, तर मला तिच्या टक्क्यांची काळजी नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. तुम्ही वाचू नका.

आणि हो, हे वाचून सर्पगंधेचं चूर्ण स्वतःच्या मनानं सुरू करू नका. रेसर्पिननं मन खचल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांनी दिलेली गोळीच चालू ठेवा.