कॉलेजच्या अंकात मुलीचं वर्ष वाया जातंय का?

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी एका छोट्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज दरवर्षी साहित्याचा एक अंक काढतं, कथा, कविता वगैरे, यंदा हिला संपादक केलंय. चार महिने झाले घरात दुसरा विषय नाही. रात्री एक-दीडपर्यंत लाल पेन आणि पट्टी घेऊन बसलेली असते, परवा तर एकच ओळ सहा-सात वेळा मोठ्याने वाचत होती, मला वाटलं पाठांतर चाललंय. दोन विषयांत मार्क बरेच खाली आलेत. मध्ये एका मुलाने दुसऱ्याचीच कविता स्वतःच्या नावावर दिली, ते निस्तरण्यात हिचा आठवडा गेला. आता म्हणते सायन्स सोडते आणि साहित्याला जाते. तिचे बाबा म्हणतात एवढ्याशा कॉलेजचा अंक वाचतं कोण, आत्ताच्या आत्ता बंद कर. मला तिचं मन मोडायचं नाहीये, पण यात पुढे काही आहे का? आणि आता सगळं एआय लिहितं म्हणतात, मग संपादक कोणाला लागणार?

उत्तर: ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी मार्कांसाठी आणि मग त्या लाल पेन आणि पट्टीसाठी. माझं उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको. अंक बंद करायला लावू नका आणि सायन्सही सोडू देऊ नका. दोन्ही मी सारख्याच ठामपणे सांगतेय.

ती पट्टी कशाला घेते माहितीये का? प्रूफ म्हणजे छपाईआधी चुका शोधायला काढलेली कच्ची प्रत, ती वाचताना डोळा पुढच्या ओळीवर पळतो म्हणून. आपण वाचताना प्रत्येक अक्षर वाचत नाही, शब्द साधारण ओळखीचा दिसला की अंदाजाने पुढे जातो, त्यामुळे 'संपादक' च्या जागी 'संपदाक' छापलं गेलं तरी आपण बिनदिक्कत वाचून जातो. पट्टी ठेवली की एका वेळी एकच ओळ दिसते. हे तिला कोणी शिकवलं की तिचं तिने शोधून काढलं ते जरूर विचारा, मला खरंच जाणून घ्यायचंय. आणि मोठ्याने वाचणं म्हणजे बहुतेक कवितेची लय बघत असणार, ओळीतला एखादा शब्द गळला तर तो डोळ्याच्या आधी कानाला खटकतो. तुम्हाला जे पाठांतर वाटलं ना, ते मुद्रितशोधन आहे, म्हणजे प्रूफातल्या चुका शोधणं, आणि ते इतक्या निगुतीने करणारी मुलं माझ्याकडे फार थोडी येतात.

मी पण कॉलेजात असताना अंकाचं काम केलंय. एक कविता पानात मावत नव्हती, आम्ही घाईघाईत मांडणी बदलली आणि त्या गडबडीत कवितेच्या शेवटच्या चार ओळी माझ्या हातून गळल्या. अंक छापून आला तेव्हाच कळलं. ज्या मुलाची कविता होती तो काहीच बोलला नाही, त्याने खिशातलं पेन काढलं, आपल्या प्रतीत त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात त्या चार ओळी लिहिल्या आणि अंक दप्तरात ठेवला. इतकी वर्षं झाली, ते पान अजून डोळ्यासमोर येतं. म्हणून तुमची लेक रात्री एकच ओळ सहा वेळा वाचते म्हटल्यावर मला तिच्याबद्दल काय वाटलं असेल ते तुम्ही ओळखू शकता.

आता मुख्य मुद्दा. संपादन आणि लेखन ही दोन वेगळी कामं आहेत, आणि घरात बहुतेक त्यांची गल्लत होतेय. तुमच्या अख्ख्या पत्रात तिने स्वतः काही लिहिल्याचा एकदाही उल्लेख नाही! रात्री जागते ती दुसऱ्यांच्या कवितांसाठी. आठवडा घालवला तो दुसऱ्याच्या चोरीपायी. म्हणजे तिला साहित्य आवडत असेलच, पण तिचा हात जिथे बसलाय ते काम म्हणजे दुसऱ्याचा मजकूर नीट, खरा आणि पूर्ण वाचकापर्यंत नेणं. या कामासाठी साहित्याची पदवी घ्यावीच लागते असं मुळीच नाही, आणि मायक्रोबायोलॉजी येणारा संपादक तर सहजासहजी मिळत नाही, म्हणून म्हणते सायन्स सोडू देऊ नका.

बाहेर काय कामं आहेत ते सांगते. संशोधनाच्या जर्नलना कॉपी एडिटर लागतात, जे शास्त्रज्ञांचे पेपर तपासतात, आकडे आणि तक्ते जुळतात का बघतात, वाक्य सरळ करतात. औषध कंपन्यांमध्ये मेडिकल रायटिंग म्हणून अख्खं खातं असतं, क्लिनिकल ट्रायलचे म्हणजे माणसांवर घेतलेल्या औषधचाचण्यांचे अहवाल, सरकारी मंजुरीची कागदपत्रं, पेशंटला द्यायची माहितीपत्रकं, हे सगळं कोणीतरी लिहितं आणि कोणीतरी तपासतं, आणि तिथे मायक्रोबायोलॉजीची पदवी थेट उपयोगी पडते. शिवाय विज्ञानाची पाठ्यपुस्तकं काढणारे प्रकाशक आहेत, विज्ञान पत्रकारिता आहे, भाषांतर आहे. निव्वळ साहित्याच्या प्रकाशनात मात्र जागा कमी आणि सुरुवातीचा पगारही कमी, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. साहित्यात राहून पोटासाठी दुसरं काम करणारी माणसं पूर्वीही होती. टी. एस. एलियटच्या सुरुवातीच्या कविता हार्वर्डच्या विद्यार्थ्यांच्या 'हार्वर्ड ॲडव्होकेट' मध्ये छापून आल्या, पुढे १९१७ पासून जवळजवळ ८ वर्षं तो लंडनमध्ये बँकेत नोकरी करत होता आणि १९२५ मध्ये प्रकाशनसंस्थेत गेला. नोबेल मिळालेला कवी आहे हा.

ते चोरलेल्या कवितेचं प्रकरण तुम्ही एका ओळीत उडवलंत पण माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. तिने काय केलं? त्या मुलाला चारचौघांत बोलली की बाजूला घेऊन? मूळ कविता समोर ठेवली का? त्याचं म्हणणं ऐकून घेतलं का? संपादकांना हे प्रसंग कायम येतात, इतके येतात की संशोधन जर्नलच्या संपादकांनी १९९७ मध्ये त्यासाठी 'कोप' (कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स) नावाची संस्थाच काढली, आणि लेख चोरीचा आहे असा संशय आला तर संपादकाने पायरीपायरीने काय करायचं याचे तक्ते या संस्थेने बनवलेत, नेटवर फुकट मिळतात. त्यात पुरावा समोर ठेवून आधी लेखकाला विचारा असंच आहे, सरळ आरोप करा असं नाही. हे तक्ते मुलीला वाचायला सांगा आणि आपण त्या आठवड्यात काय केलं ते ताडून बघायला सांगा. नोकरीच्या मुलाखतीत 'कठीण प्रसंग कसा हाताळला' हा प्रश्न हमखास येतो आणि बऱ्याच मुलांकडे सांगायला काही नसतं, हिच्याकडे दुसऱ्याच वर्षाला आहे.

बाबांचं म्हणणं, एवढ्याशा कॉलेजचा अंक वाचतं कोण. वाचणारे थोडे असतील, कबूल. पण मोठ्या कॉलेजात कामाच्या वाटण्या झालेल्या असतात, एखादी मुलगी वर्षभर फक्त मुखपृष्ठाचं बघते. छोट्या कॉलेजात साहित्य मागवण्यापासून ते छापखान्यात जाऊन उभं राहण्यापर्यंत सगळं याच चार-पाच पोरांच्या गळ्यात पडतं आणि म्हणूनच सगळं शिकून होतं. कोणाची कथा घ्यायची, कोणाची साभार परत करायची आणि ती परत करताना त्याचा हिरमोड होणार नाही असं काय लिहायचं. मजकूर ७० पानांचा झाला पण सेंटर पिनच्या, म्हणजे मधोमध पिन मारलेल्या अंकात पानं ४ च्या पटीतच बसतात, कारण एक कागद मध्ये दुमडला की ४ पानं होतात, मग दोन पानं कमी करून ६८ करायची की भर घालून ७२, आणि कमी करायची तर कोणाची कविता काढायची, हे कोणीतरी ठरवावं लागतं आणि ज्याची काढली त्याला तोंड द्यावं लागतं. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत घेतला की जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो. नेटवरून उचललेला फोटो स्क्रीनवर झकास दिसतो आणि छापताना पिक्सेल कमी पडून फुटतो, छपाईला साधारण ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके लागतात, आणि मुळात तो फोटो परवानगीशिवाय वापरायचाच नसतो.

छोटं कॉलेज म्हणून अंकही छोटाच राहतो असं पण नाही हां. अमेरिकेत ओहायोतल्या एका गावात केनियन नावाचं लहानसं कॉलेज आहे, तिथून १९३९ मध्ये 'केनियन रिव्ह्यू' निघालं आणि ते इंग्रजीतल्या फार महत्त्वाच्या साहित्य नियतकालिकांत गणलं गेलं. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या मुलींच्या एका कॉलेजात फ्लॅनरी ओकॉनर शिकत होती, तिथल्या 'कोरिंथियन' या साहित्याच्या अंकाची ती संपादक होती. तिची गोष्ट मुलीला सांगा कारण तिच्या प्रश्नाला ती नेमकी लागू पडते. ओकॉनरने १९४५ मध्ये पदवी पूर्ण केली, मग पत्रकारिता शिकायला आयोवा विद्यापीठात गेली आणि तिथे पोचल्यावर लेखनाच्या अभ्यासक्रमाकडे वळली. पुढे अमेरिकेतली मोठी कथाकार झाली. बदल तिनेही केलाच, पण हातातली पदवी संपवून केला. तुमच्या मुलीला पदवीनंतर प्रकाशन, पत्रकारिता, भाषांतर, यातलं काहीही घेता येईल, तेव्हा तिने साहित्याकडे जायचं म्हटलं तर मी स्वतः तिच्या बाजूने उभी राहीन.

एआयचं विचारलंत. खरं सांगायचं तर नुसते ऱ्हस्व-दीर्घ सुधारून देण्याचं काम कमी होतंय आणि अजून होईल, फक्त तेवढ्यावर करिअर उभं करायला मी कोणालाच सांगत नाही. पण एआय अस्तित्वातच नसलेले संदर्भ खऱ्यासारखे लिहून देतं, नसलेली पुस्तकं, न घडलेल्या गोष्टी. ते पकडायला विषय येणारा आणि संशय घ्यायची सवय असलेला माणूस लागतो, चोरलेली कविता पकडणारी मुलगी तिथे कामाची आहे. आणि एखाद्या नवख्या मुलाला 'तुझी कथा तिसऱ्या परिच्छेदापासून सुरू होते, आधीचं काढून बघ' असं त्याला पटेल अशा शब्दांत सांगणं, यासाठी समोर माणूसच हवा असं मला मनापासून वाटतं.

आता मार्क. हे मी हलक्यात घेत नाहीये. आधी बघा की ते दोन विषय अंकाच्या आधीपासून अवघड जात होते का, मागच्या वर्षीचे मार्क काढून शेजारी ठेवा. आधीपासूनच घसरत असतील तर अंक बंद करून ते वर येणार नाहीत, त्या विषयांसाठी वेगळी मदत लागेल. अंकामुळेच खाली आले असतील तर सगळ्यात आधी जागरण बंद. रात्री दीडला प्रूफ वाचणं अंकासाठीही वाईट आहे, थकलेल्या डोळ्यांना चुका दिसत नाहीत, आणि सकाळी लेक्चरला ती अर्धी झोपेत. रात्री अकरानंतर प्रूफ नाही, हा नियम बाबांनी नाही, तुम्ही तिच्याशी बोलून दोघींनी मिळून करा. छापखान्याची तारीख घ्यायची आणि तिथून मागे मोजत यायचं, शेवटचं प्रूफ कधी, मांडणी कधी, साहित्य घेणं कधी थांबवायचं. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे त्यात कोरे ठेवायचे. आणि पहिल्या वर्षातली दोन मुलं हाताशी घ्यायला सांगा, सगळं मीच करणार ही सवय संपादकाला फार लवकर लागते. पुढच्या वर्षी संपादकपद त्यांच्याकडे द्यावं, हिने शेवटच्या वर्षाला नुसतं सल्ल्यापुरतं राहावं.

एक काम मात्र तिने आत्ताच करायला हवं, अंक हातात आला की मुलं हे विसरतात. अंकाच्या दोन प्रती जपून ठेवायच्या. एखादी कथा आली तेव्हा कशी होती आणि छापली तेव्हा कशी झाली, ते दोन्ही मसुदे, लेखकाची परवानगी घेऊन, एका फाइलमध्ये ठेवायचे. बायोडेटावर नुसतं 'अंकाची संपादक' लिहिलं तर समोरच्याला काहीच कळत नाही, किती साहित्य आलं, त्यातलं किती घेतलं, किती लेखकांबरोबर काम केलं, अंक ठरलेल्या तारखेला निघाला का, हे लिहायचं. सुट्टीत एखाद्या जर्नलच्या किंवा विज्ञानाच्या प्रकाशकाकडे इंटर्नशिप मागताना ती मसुद्यांची फाइल सगळ्यात जास्त बोलेल.

आणि ताई, एक तुमच्यासाठी. पूर्वी छापखान्यात प्रूफ दोघं मिळून तपासायचे. एकजण प्रूफ धरायचा आणि दुसरा मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, या वाचणाऱ्याला कॉपीहोल्डर म्हणायचे. पुढच्या वेळी ती पट्टी घेऊन बसली की मूळ कागद तुम्ही हातात घ्या आणि वाचा, अकराच्या आत. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हंसुद्धा उच्चारायची, 'आई स्वल्पविराम मी आलेय पूर्णविराम' असं. पहिलं पान जरा अवघडल्यासारखं होईल, दुसऱ्या पानापासून जमतं. बाबा तिथेच बसलेले असतील तर त्यांना एक कविता वाचायला द्या.