शिक्का फळीचा की खोक्याचा?

प्रश्न : लाकडी फरशी घेताना विक्रेत्याने खोक्यावरचा एफएससीचा (जंगल नीट सांभाळून काढलेल्या लाकडाला प्रमाणित करणाऱ्या 'फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल'चा) शिक्का दाखवला. तेवढ्यावर विसंबावं का?

उत्तर : आधी तो शिक्का नीट वाचा. झाडाच्या चिन्हाजवळ मालाचा प्रकार बारीक अक्षरांत छापलेला असतो. तिथे 'पॅकेजिंग' किंवा 'बोर्ड' असेल, तर शिक्का पुठ्ठ्याच्या खोक्याचा आहे. आतल्या फळ्यांशी त्याचा संबंध नाही. ही गफलत सर्रास होते, आणि दर वेळी ती मुद्दाम केलेली असते असंही नाही.

शिक्क्यावर 'एफएससी-सी' आणि पुढे सहा आकडे, असा परवाना क्रमांक असतो. तो एफएससीच्या ऑनलाइन यादीत टाका. प्रमाणपत्र चालू आहे का, ते पाहा. मुदत पाच वर्षांची असली तरी वार्षिक तपासणीत गंभीर त्रुटी निघाल्या तर ते मध्येच स्थगित होऊ शकतं. नाव त्याच उत्पादकाचं आहे का? आणि मालाच्या प्रकारांत फ्लोअरिंग आहे का? हे शेवटचं बहुतेक जण पाहतच नाहीत. दारांसाठी प्रमाणपत्र घेतलेल्या कारखान्याची फरशी त्यात येईलच असं नाही.

मग बिल. जंगलापासून पुढे माल ज्याच्या ज्याच्या मालकीचा होतो, त्या प्रत्येक व्यावसायिकाकडे स्वतःचं 'चेन ऑफ कस्टडी' (सीओसी) प्रमाणपत्र लागतं. एक कडी निखळली की पुढच्याला दावा करता येत नाही, लाकूड तेच असलं तरी. शिक्का असलेला तयार माल जसाच्या तसा थेट ग्राहकाला विकणारं दुकान मात्र याला अपवाद, त्यामुळे बंद खोकी घेताना फळ्यांचा शिक्का पुरतो. दुकानातच कापलेल्या किंवा पॉलिश केलेल्या सुट्या फळ्या घेत असाल, तर बिलात विक्रेत्याचा 'सीओसी' क्रमांक हवा आणि फळ्यांच्या ओळीतच 'एफएससी १००%' किंवा 'एफएससी मिक्स क्रेडिट' असा दावा हवा. बिलाच्या तळाशी 'आम्ही एफएससी प्रमाणित आहोत' असं छापलेलं असतं, ते कंपनीबद्दल झालं. तुमच्या मालाबद्दल त्यात काहीच नाही.

प्रश्न : 'मिक्स' म्हणजे भेसळ का?

उत्तर : नाही. '१००%' म्हणजे सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं. 'मिक्स'मध्ये त्याच्या जोडीला पुनर्वापराचं लाकूड आणि 'कंट्रोल्ड वुड' चालतं. म्हणजे प्रमाणित नसलेलं, पण बेकायदा तोडीचं वगैरे नसल्याची किमान खात्री केलेलं. टक्केवारीच्या पद्धतीत शिक्क्यासाठी निदान ७०% भाग प्रमाणित किंवा पुनर्वापराचा लागतो. क्रेडिट पद्धतीत जमाखर्च कारखान्याच्या खात्यात मांडला जातो, त्यामुळे तुमच्या हातातली नेमकी फळी प्रमाणित जंगलातली असेलच असं नाही. इंजिनिअर्ड फरशीचा (गाभ्यावर चांगल्या लाकडाचा थर चिकटवलेल्या फळ्यांची) गाभा आणि वरचा थर वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, म्हणून तिथे 'मिक्स' जास्त दिसतो. पीईएफसी ही दुसरी योजना १९९९ची. ती देशोदेशीच्या प्रमाणन पद्धतींना मान्यता देते. युरोपातल्या ओकसाठी आम्ही दोन्ही सारखेच धरू. उष्ण कटिबंधातल्या लाकडासाठी मात्र 'एफएससी १००%' मागावं.

प्रश्न : सॉलिड फळी टिकाऊ की इंजिनिअर्ड?

उत्तर : २० मिमीची सॉलिड फळी पूर्ण जाडीभर घासता येत नाही. सांध्याच्या जिभेवरचा (शेजारच्या फळीच्या खाचेत अडकणाऱ्या कडेच्या वरचा) साधारण ५-६ मिमी भागच कामाचा. खालचं लाकूड नुसतं आधाराला. मशीनच्या एका पूर्ण घासाईत अर्धा ते एक मिमी जातो. म्हणजे ४ मिमी वरचा थर असलेली इंजिनिअर्ड फळी दोन-तीन घासाया काढते, आणि तेवढ्याच ओकमध्ये कितीतरी जास्त जमीन झाकली जाते. ०.६ मिमीचा थर घासताच येत नाही. ओरखडे खोल गेले की फरशी उखडायची, मग शिक्का कुठलाही असो.

ओल्या कोब्यावर फरशी बसवली की फळ्यांच्या कडा उचलतात, मधला भाग वाटीसारखा खोलगट होतो. अशी फरशी लगेच घासू नका. आधी ओलीचं कारण काढा, फळ्या सुकू द्या. ओल्या असतानाच सपाट केल्या तर सुकल्यावर कडा खाली जातात आणि मध्ये फुगवटा येतो. ओल गेली आणि वरचा एक मिमीही फुकट गेला.

प्रश्न : बांबू लवकर वाढतो. मग तोच घ्यावा का?

उत्तर : बांबू तीन ते पाच वर्षांत तोडायला येतो, हे खरं. पण 'स्ट्रँड वोव्हन' फळीत धाग्यांसोबत भरपूर राळ, म्हणजे चिकटवणारं रसायन, दाबलेली असते, त्यामुळे राळ कोणती ते विचारा. बांबूलाही एफएससी मिळतं.

प्रश्न : प्रमाणित फरशीला वास येणार नाही ना?

उत्तर : एफएससी जंगलाबद्दल बोलतं, गोंदाबद्दल नाही. गोंदातून हवेत सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या उग्र वायूसाठी वेगळा कागद मागा. युरोपच्या 'ई१' वर्गाची मर्यादा दर घनमीटर हवेत ०.१२४ मिग्रॅ आहे. कॅलिफोर्नियाच्या 'कार्ब फेज २'मध्ये प्लायवूडला ०.०५ पीपीएम आणि एमडीएफला ०.११ पीपीएम. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या, त्यामुळे आकडे एकमेकांशी थेट ताडू नका. अहवालावर तुमच्याच मालाचं नाव आणि जाडी आहे का, तेवढं बघून घ्या.