जॅकेटच्या टोपीला केस कशाला?

प्रश्न: ताई, मी सध्या टोरांटोला लेकाकडे आलेय. त्याने मला गुडघ्यापर्यंत येणारं जाडजूड जॅकेट घेतलंय. टोपीच्या कडेला केसाळ पट्टी आहे, ती सारखी तोंडात येते. चेन उघडली की निघते, मग काढून ठेवू का? सून म्हणते ती शोभेची नाही, एस्किमो लोकांची आयडिया आहे. खरं का?
— एक आजी

उत्तर: आजी, सूनबाई बरोबर आहे, यावर भांडू नका. समोरून वारा आला की त्या केसांत अडकून त्याचा जोर मोडतो आणि चेहऱ्यापुढे जरा उबदार हवा टिकून राहते. इन्युइट (सूनबाई म्हणते ते एस्किमो) बायका त्यासाठी वुल्वरीन नावाच्या केसाळ प्राण्याची किंवा लांडग्याची फर लावायच्या. वुल्वरीनची खासियत अशी की श्वासाची वाफ त्यावर गोठली तरी हाताने झटकून टाकता येते.

खरी कमाल तर कोटाची आहे. तो कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रेनडिअरच्या कातड्याचा, त्याचे केस आतून पोकळ, म्हणजे हवा तिथेच कोंडून राहते. वर एकावर एक दोन कोट, आतला अतिगी, त्याचे केस अंगाकडे, आणि बाहेरचा कुलित्ताक, त्याचे केस बाहेर. दोन्ही सैल आणि डोक्यावरून घालायचे, पुढे उघडायची भानगडच नाही, वारा शिरणार कुठून? आणि गरम व्हायला लागलं की गळ्याशी जरा सैल केलं की वाफ वरून निघून जाते, कारण तिथे घाम येऊन कपडे ओले झाले की मग थंडी जीवावरच उठते. बाळंतिणींचा अमाउती तर बघाच, पाठीवर पिशवी असते, बाळ आईच्या पाठीला चिकटून, वरून आईचीच मोठी टोपी. आपल्या झोळीची चुलत बहीण म्हणा ना!

नॉर्वेचा ध्रुवप्रवासी अमुंडसेन १९०३ ते १९०५ उत्तर कॅनडात नेत्सिलिक इन्युइटांच्या शेजारी राहून हे कपडे शिकला, आणि १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो त्याच धर्तीचे फरचे कपडे घेऊन. पुढे अमेरिकन आर्मीने १९५१ मध्ये पार्का, म्हणजे असंच टोपीवालं लांब जॅकेट, काढला, तो साठच्या दशकात लंडनची स्कूटरवाली पोरं घालून फिरली, आणि मग तो पार मॉलमध्ये पोचला. अ‍ॅनोरॅक हा टोपीवाल्या जॅकेटचा शब्दसुद्धा ग्रीनलँडचाच.

मला खटकतं ते वेगळंच. २०१५ मध्ये लंडनच्या एका फॅशन कंपनीने एका इन्युइट शमनच्या, म्हणजे मांत्रिकाच्या पार्क्याचं डिझाइन घरच्यांना न विचारता स्वेटरवर छापलं, बोंबाबोंब झाल्यावर माफी मागून माल विक्रीतून काढून घेतला. २०१९ मध्ये कॅनडा गूज या जॅकेट कंपनीने मात्र १४ इन्युइट शिवणाऱ्यांकडून एकेक पार्का करून घेतला आणि पैसे इन्युइट संस्थेला दिले.

तर पट्टी वारा असेल तेव्हा लावा, घरी काढा. आणि 'एस्किमो' म्हणू नका हं, सूनबाईलाही सांगा, कॅनडात त्यांना ते आवडत नाही.